रिस्टार्ट केलं की सॉफ्टवेअर गायब: बिलिंग मशीन आणि थिन क्लायंटवरचा नेहमीचा घोळ

तक्रार नेहमी एकाच शब्दांत येते. "काल संध्याकाळी तुम्ही टाकून गेलात, प्रिंटही मस्त आली, आणि आज सकाळी चालू केलं तर काहीच नाही की हो!" बेळगावच्या रविवार पेठेतला अडत दुकानाचा काउंटर असो, निपाणीतलं तंबाखूचं गोडाऊन असो नाहीतर उद्यमबागेतल्या मशीन शॉपचं स्टोअर, लक्षण तेच. प्रिंटरचा ड्रायव्हर, मराठी-कानडी फॉन्ट, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, काहीही टाका. दिवसभर चालतं, रात्री बंद केलं की पुसलं जातं. मग कुणी व्हायरस म्हणतो, कुणी डिस्क गेली म्हणतो, आणि एखादा उत्साही पोरगा मशीन फॉरमॅट करून मोकळा होतो. हे शेवटचं सगळ्यात महागात पडतं. त्या मशीनबरोबर आलेलं विंडोज दुकानात सुटं मिळत नाही.

मशीन बिघडलेलं नसतं. त्यावर एम्बेडेड विंडोज आहे, म्हणजे एका ठरावीक कामासाठी बांधलेली ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिला जसं सांगून ठेवलंय तसं ती वागते. तेव्हा प्रश्न दोन आहेत: तिच्यावर जास्तीचं सॉफ्टवेअर टिकवायचं कसं, आणि टाकायची परवानगी आहे का. दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून त्यावरही खाली सविस्तर लिहिलंय.

आधी मशीन ओळखा

विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, रोमन छोट्या अक्षरांत विनव्हर टाईप करा, विंडोजची आवृत्ती कळेल. सोबत मशीनच्या पोटाखालच्या किंवा मागच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा. आपल्या भागात साधारण चार प्रकार भेटतात. पीओएसरेडी (काउंटरवरच्या बिलिंग मशीनसाठीचं विंडोज) २००९ हे एक्सपीच्या पायावर आहे, त्याचा सपोर्ट एप्रिल २०१९ मध्ये संपला. विंडोज एम्बेडेड स्टँडर्ड ७ आणि पीओएसरेडी ७ हे विंडोज ७ चे भाऊ, त्यांचा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२० आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये थांबला. नव्यातलं विंडोज १० आयओटी एंटरप्राइज एलटीएससी (लांब मुदतीच्या सपोर्टची आवृत्ती) २०२१ मात्र जानेवारी २०३२ पर्यंत चालणार आहे. साधं विंडोज १० ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलं म्हणून हेही टाकून द्या असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

चौथा प्रकार विंडोज सीईचा. हातातले बारकोड स्कॅनर, काही वजन इंडिकेटर, जुनी पॅनेलं. दिसायला विंडोज, पण पीसीसाठी केलेली एक्सई फाइल त्यावर चालतच नाही. बऱ्याच ठिकाणी आतला प्रोसेसरच वेगळ्या जातीचा असतो. इथं वेळ घालवू नका, उत्पादकाला फोन करा.

राइट फिल्टर म्हणजे काय भानगड

बाकीच्या तिन्हींत डिस्कसमोर एक राइट फिल्टर बसवता येतो, आणि थिन क्लायंटवर (मुख्य काम सर्व्हरवर करणारा, छोट्या डिस्कचा संगणक) तो बहुधा कारखान्यातूनच चालू येतो. डिस्कवर जे काही लिहायचं ते तो अडवतो आणि मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत ठेवतो. त्या जागेला ओव्हरले म्हणतात. रिस्टार्ट झाला की ओव्हरले रिकामा, डिस्क होती तशी. अडतवाल्यांना मी असं सांगतो: दिवसभराचं सगळं कच्च्या वहीत चाललंय, खतावणीला कुणी हातच लावत नाही, आणि रात्री कच्ची वही बंबात जाते.

हे त्रास द्यायला केलेलं नाही. पावसाळ्यात खानापूरकडं लाईट दिवसातून कितीदा जाते ते सांगायला नको. चालू लिहिण्यात लाईट गेली की साधा पीसी कधीतरी उठतच नाही. फिल्टर असलेलं मशीन मात्र लाईट आली की मुकाट्यानं सुरू होतं. व्हायरस आला तरी त्याची वस्ती एका दिवसाची. म्हणून फिल्टर कायमचा बंद करून ठेवणं हा उपाय मला पटत नाही. बरेच टेक्निशियन तेच करतात आणि बिल लावून जातात; सहा महिन्यांनी तेच मशीन खरोखरच बिघडून येतं.

फिल्टर तीन प्रकारचे. विंडोज ७ च्या काळात ईडब्ल्यूएफ (एनहान्स्ड राइट फिल्टर) आणि एफबीडब्ल्यूएफ (फाइल-बेस्ड राइट फिल्टर), विंडोज १० वर फक्त यूडब्ल्यूएफ (युनिफाइड राइट फिल्टर). (कमांड इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाईप करताना रोमन छोटी अक्षरं घ्या.) आज बहुतेकांकडं यूडब्ल्यूएफ आहे, त्याचंच नीट सांगतो.

थिन क्लायंट आपोआप साध्या युजरवर लॉगिन होतो, त्या युजरला काहीच करता येत नाही. बऱ्याच मॉडेलवर शिफ्ट दाबून धरून लॉग ऑफ केलं की लॉगिनची पाटी येते. तिथून अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून आत शिरा. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिन म्हणून उघडा आणि टाका:

यूडब्ल्यूएफएमजीआर गेट-कॉन्फिग

उत्तर दोन भागांत येतं. वरचा भाग चालू सेशनचा, खालचा पुढच्या सेशनचा, म्हणजे रिस्टार्टनंतरचा. इथंच लोक फसतात. फिल्टर बंद करायची कमांड देतात, वरच्या भागात अजून चालूच दिसतो, मग कमांड लागली नाही असं समजून तसंच सॉफ्टवेअर टाकत बसतात. बदल खालच्या भागात बघायचा आणि रिस्टार्ट झाल्याशिवाय सेटअपला हात लावायचा नाही.

बंद करायला: यूडब्ल्यूएफएमजीआर फिल्टर डिसेबल. रिस्टार्ट. पुन्हा गेट-कॉन्फिग, आता वरच्या भागात बंद दिसलं पाहिजे. मग सॉफ्टवेअर टाका, प्रिंट काढून बघा, फिल्टर बंद असतानाच आणखी एकदा रिस्टार्ट करून बघा, कारण काही सेटअप आपलं निम्मं काम पुढच्या बूटला करतात. सगळं ठीक दिसलं की यूडब्ल्यूएफएमजीआर फिल्टर इनेबल, आणि रिस्टार्ट.

ईडब्ल्यूएफवर ईडब्ल्यूएफएमजीआर सी: आणि उणे चिन्हासह डिसेबल, एफबीडब्ल्यूएफवर एफबीडब्ल्यूएफएमजीआर आणि तिरप्या रेघेसह डिसेबल, बाकी क्रम तोच. ईडब्ल्यूएफमध्ये कमिट नावाचीही सोय आहे, फिल्टर चालू ठेवून टाकलेलं सगळं डिस्कवर उतरवायची. ती मी टाळतो. सगळं म्हणजे खरंच सगळं उतरतं, सकाळपासून साचलेल्या कचऱ्यासकट. आणि टास्कबारवर उत्पादकाचं स्वतःचं कुलपाचं चिन्ह असेल तर या कमांडच्या नादी न लागता त्याच्याच टूलनं उघड-झाक करा. काही मॉडेलांवर दोन्ही एकमेकांच्या पायात येतात.

फिल्टर परत चालू केला, आणि दिवसाची बिलंच गेली

हा दुसरा हप्ता, पहिल्यापेक्षा वाईट. सॉफ्टवेअर टिकलं, पण त्याचा डेटा सी ड्राइव्हवरच होता. फिल्टरला बिलं आणि कचरा यातला फरक कळत नाही. डेटा दुसऱ्या पार्टिशनवर किंवा सर्व्हरवर ठेवणं सगळ्यात बरं. ते जमत नसेल तर तेवढ्या फोल्डरला सूट द्या: यूडब्ल्यूएफएमजीआर फाइल अॅड-एक्सक्लूजन आणि पुढं फोल्डरचा पूर्ण पत्ता. हीदेखील रिस्टार्टनंतरच लागू होते. सी ड्राइव्हचं मूळ, विंडोज फोल्डर, सिस्टम३२ यांना सूट मिळत नाही, प्रयत्न करू नका.

सूट दिलेल्या फोल्डरची एक खोच आहे. संरक्षित जागेतली फाइल तिथं मूव्ह किंवा रिनेम करून नेणं यूडब्ल्यूएफला चालत नाही. काही बिलिंग प्रोग्राम आधी टेम्पमध्ये फाइल बनवतात आणि मग डेटाच्या फोल्डरमध्ये सरकवतात. सेव्ह करताना नेमकी तिथं एरर येते आणि दोष प्रोग्रामवर जातो. प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये टेम्पची जागाही त्याच सूट दिलेल्या फोल्डरमध्ये नेली की प्रश्न मिटतो. आणि हो, सूट दिली म्हणजे त्या फोल्डरचं लाईट जाण्यापासूनचं संरक्षणही गेलं. यूपीएस लागणारच.

दुपारी तीन-चारनंतर मशीन जडावतं, मग अडकतं, रिस्टार्ट केलं की पुन्हा ताजंतवानं? ओव्हरले भरतोय. यूडब्ल्यूएफचा ओव्हरले मुळात १०२४ एमबीचा असतो, ५१२ ला इशारा देतो. ब्राउझरचा कॅश आणि अँटीव्हायरसची रोजची अपडेट हे दोन मुख्य खाणारे. फाइल डिलीट केली तरी ती जागा परत मिळेल याचा भरवसा नाही, रिस्टार्टच करावा लागतो. यूडब्ल्यूएफएमजीआर ओव्हरले गेट-कन्झम्प्शन दिल्यावर किती भरलाय ते कळतं. रॅम ४ जीबी असेल तर आकार वाढवता येईल, पण तोही फिल्टर बंद असतानाच.

अॅक्टिव्हेशन खाणारं मशीन

फिल्टर चालू असताना कुणीतरी पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरची लायसन्स की टाकतो. अॅक्टिव्हेशन होतं, त्याची खूण कंपनीच्या सर्व्हरवर कायमची आणि तुमच्या डिस्कवर संध्याकाळपर्यंतची. दुसऱ्या दिवशी पुन्हा की मागितली जाते, पुन्हा टाकली जाते. काही दिवसांत "ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त संगणकांवर वापर" असा संदेश येतो आणि प्रामाणिक दुकानदार चोर ठरतो. तेव्हा की टाकायची ती फिल्टर बंद असतानाच. आधी वाया गेलेली अॅक्टिव्हेशनं विक्रेत्याकडून मोकळी करून घ्या. बिल असेल तर बहुतेक देतात.

याची उलटी बाजूही पाहिली आहे. तीस दिवसांची ट्रायल टाकायची आणि तिची मोजणी रोज फिल्टरनं पुसायची, म्हणजे ट्रायल कधी संपतच नाही. ज्यांना हे सुचलं त्यांच्या डोक्याला दाद द्यावी, पण हा फुकटचा वापर आहे आणि जाणूनबुजून केलेला आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ याचं कलम ६३ब फार जणांना माहीत नाही: प्रोग्रामची प्रत बेकायदा आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. नफ्यासाठी वापर नव्हता हे सिद्ध झालं तर कोर्ट कैद माफ करू शकतं. दुकानाच्या काउंटरवर ती पळवाट कशी लागू होणार?

फिल्टर बंद आहे, तरी सेटअप जात नाही

जागा बघा. जुन्या थिन क्लायंटची फ्लॅश ४ किंवा ८ जीबीची, त्यातली निम्म्याहून जास्त विंडोजनं खाल्लेली. सी वर जागा दिसतेय तरी "डिस्क फुल" येत असेल तर टेम्प फोल्डर कुठं आहे ते पाहा. बऱ्याच मॉडेलांत तो झेड नावाच्या छोट्या रॅम ड्राइव्हवर वळवलेला असतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधलं टेम्प आणि टीएमपी थोडा वेळ सी वरच्या फोल्डरला लावा, सेटअप झाला की पूर्ववत करा. रॅम २ जीबी असेल तर बहुधा विंडोज ३२ बिटचं असतं, ६४ बिटचा सेटअप तिथं उघडणार नाही.

विंडोज एम्बेडेड स्टँडर्ड ७ ची मेख वेगळी. ते सुट्या भागांतून जोडलेलं असतं, उत्पादकाला लागले तेवढेच भाग. डॉटनेट (अनेक प्रोग्रामना लागणारा मायक्रोसॉफ्टचा भाग) नाही, कधी प्रिंटचा एखादा भागच नाही. मग अमुक डीएलएल (प्रोग्रामला लागणारी जोडफाइल) सापडत नाही असा संदेश येतो आणि मंडळी ती डीएलएल कुठल्यातरी साइटवरून उतरवतात. करू नका. तो भाग उत्पादकाच्या अॅड-ऑनमधूनच आला पाहिजे. नव्या प्रिंटर ड्रायव्हरची डिजिटल सही विंडोज ओळखत नाही म्हणून अडलं असेल तर २०१९ चं शा-२ चं (नव्या पद्धतीच्या सहीचं) अपडेट, केबी४४७४४१९, राहिलंय का ते आधी तपासा. आणि क्रोमची नवी आवृत्ती यावर मागू नका, विंडोज ७ साठी ती १०९ ला थांबली.

फॉन्टचं दुखणं

आपल्याकडं हे हमखास, कारण बिलावर गिऱ्हाईक बघून मराठी नाहीतर कानडी, आणि जीएसटीचं इंग्रजी, असं सगळं लागतं. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील तर फॉन्ट नाही. अक्षरं दिसतात पण "निपाणी" मधली पहिली वेलांटी न च्या उजवीकडं पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून उभी राहतात, तर फॉन्ट आहे पण जोडणी करणारा भाग नाही. एक्सपीच्या पायावरच्या मशीनवर हे दुसरं जास्त. तिथं रीजनल सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची खूण करावी लागते आणि ती केल्यावर मशीन मूळ सीडीतल्या फाइली मागतं. विंडोज १० वर निर्मला यूआय असतोच, त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहे. पण जुनं बिलिंग सॉफ्टवेअर नाव घेऊन मंगल किंवा तुंगा मागतं, आणि ते दोन्ही आता ऐच्छिक फॉन्टांत गेलेत. सेटिंगमधल्या ऑप्शनल फीचर्समधून देवनागरी आणि कन्नड सप्लिमेंटल फॉन्ट घ्या, अर्थात फिल्टर बंद ठेवून.

घरच्या लॅपटॉपवरून मंगलची फाइल पेन ड्राइव्हनं आणून टाकणं हा सगळ्यात प्रचलित उपाय, आणि परवान्यात न बसणारा. तो फॉन्ट त्या लॅपटॉपच्या विंडोजबरोबर दिलेला आहे, दुसऱ्या मशीनवर न्यायला नाही. गरजही नाही. नोटो सान्स देवनागरी, नोटो सान्स कन्नड, मुक्ता हे ओपन फॉन्ट परवान्याखाली मिळतात, व्यवसायात फुकट वापरता येतात, हव्या तितक्या मशीनवर. सॉफ्टवेअरमध्ये फॉन्टचं नाव बदलायची सोय असेल तर तेच करा. जाता जाता: छोट्या थर्मल प्रिंटरच्या स्वतःच्या फॉन्टांत देवनागरी बहुधा नसतेच. विंडोज ड्रायव्हरमधून चित्र म्हणून छापलं तरच मराठी उमटतं.

परवाना: या मशीनवर हे टाकायचं का?

एम्बेडेड विंडोज स्वस्त मिळतं कारण ते एका कामासाठी असतं. परवाना उत्पादकामार्फत त्या यंत्राला चिकटून येतो, स्टिकरसकट. दुसऱ्या पीसीवर नेता येत नाही. बिलिंग मशीनवर बिलिंगला लागणारा स्टॉकचा प्रोग्राम, प्रिंटर, स्कॅनर, वजनकाटा, यात वाद नाही. पण त्याच मशीनवर हिशेबनीसासाठी ऑफिस, मुलांसाठी गेम, दिवसभर ईमेल, म्हणजे साधा पीसी करून टाकणं, हे परवान्याच्या हेतूबाहेर जातं. वर्ड-एक्सेलसारखी कामं मुख्य कामाला पूरक असतील तरच चालतात. नेमकी ओळ तुमच्या यंत्राच्या परवान्यात असते, ती वाचा. माझं सरळ मत: हिशेबाला साधा पीसी घ्या. थिन क्लायंटला पीसी करण्यात गेलेले तास मोजले तर तो स्वस्त पडत नाही.

थिन क्लायंटवरून विंडोज सर्व्हरच्या डेस्कटॉपवर जात असाल तर क्लायंटचा परवाना पुरत नाही. प्रत्येक वापरणाऱ्यामागं किंवा यंत्रामागं सर्व्हरचा वेगळा रिमोट डेस्कटॉप परवाना लागतो. दुरून मशीन बघायची जी सॉफ्टवेअर फुकट मिळतात त्यांतल्या कितीतरींची फुकट आवृत्ती घरगुती वापरापुरती असते. बिल फाडणारा काउंटर घरगुती नव्हे, म्हणून ऐन गर्दीत ती पाच-पाच मिनिटांनी तुटतात.

उद्यमबागेतल्या सीएनसी आणि व्हीएमसीच्या (धातू कापणाऱ्या संगणकचलित मशीनांच्या) पॅनेलांना तर मी उत्पादकाच्या लेखी परवानगीशिवाय हातच लावत नाही. मालक अँटीव्हायरस टाका म्हणतो. स्कॅन सुरू झाला की प्रोग्राम मध्येच अडखळतो, जॉब जातो, आणि एएमसीवाले (वार्षिक देखभालीचा करार घेतलेले) परकं सॉफ्टवेअर दाखवून हात वर करतात. त्याऐवजी यूएसबी बंद करा, मशीनचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडा, आणि डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी पूर्ण नक्कल, काढून कपाटात ठेवा. कायदेशीर ताब्यातल्या प्रोग्रामची नुकसानीपासून बचावासाठी प्रत ठेवायला कलम ५२ मोकळीक देतं, पण ज्या कामासाठी तो दिला त्याच कामापुरती. शेजारच्या शेडमधल्या मशीनवर ती इमेज उतरवणं त्यात येत नाही.

आपल्याकडं हायड्रॉलिक प्रेस आणि स्पेशल पर्पज मशीनं बनवणारे बरेच आहेत, आणि त्यांतले काही आता आत रास्पबेरी पाय (लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा संगणक) घालतात. तिथंही ओव्हरले फाइल सिस्टिम चालू केली की टाकलेलं पॅकेज रिस्टार्टला जातं. रास्पी-कॉन्फिगमध्ये परफॉर्मन्सखाली ती बंद-चालू होते. स्वतःच्या शेडमध्ये वापरलं तर लिनक्सच्या परवान्याची चिंता नाही. पण मशीन विकलं की आतल्या लिनक्स कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) सोर्स कोड गिऱ्हाइकाला द्यावा लागतो, किंवा मागाल तेव्हा देऊ असं निदान ३ वर्षांचं लेखी आश्वासन. तुमचा स्वतःचा स्वतंत्र कंट्रोल प्रोग्राम त्यात येत नाही, ही भीती उगाच असते.

लॉटमधले जुने थिन क्लायंट घेणाऱ्यांसाठी: पैसे द्यायच्या आधी स्टिकर जागेवर आहे का बघा, अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागून घ्या आणि विक्रेत्यासमोर गेट-कॉन्फिग चालवून दाखवायला सांगा. पासवर्ड नाही म्हणाला तर फिल्टर उघडणार नाही आणि त्यावर तुमचं काहीही टिकणार नाही. अशा मशीनवर लिनक्स घालायची तयारी असेल तरच भाव करा, आणि भावही लिनक्सचाच करा.